मदत हवी आहे: जीवाणूंचा उजेड मंदावला, पण विषामुळेच का?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करतेय. प्रोजेक्टसाठी इथल्या विश्वामित्री नदीचं पाणी तपासतेय, ॲलिव्हिब्रिओ फिशेरी वापरून. हा समुद्रातला जीवाणू निळसर-हिरवा उजेड देतो. पाण्यात विषारी काही असलं की त्याचं श्वसन बिघडतं, उजेड घटतो. ल्युमिनोमीटरवर (उजेड मोजायचं यंत्र) ५, १५ आणि ३० मिनिटांनी मोजलं की झालं. माशांच्या चाचणीसारखं ९६ तास बसायला नको.

पाणी काळा घोड्याजवळच्या पुलावरून दोरी-बादलीने काढते. काठावर उतरायची हिंमत नाही, मगरींचं राज्य आहे. (घरी एवढंच सांगितलंय की पुलावरून काढते.)

तर अडचण अशी. उजेड कंट्रोलच्या (नदीचं पाणी न घातलेल्या जीवाणूंच्या) निम्म्याहून खाली येतोय. सर खूश आहेत, मी नाही. नदीत सांडपाणी मिसळतं, म्हणजे ऑक्सिजन कमी असणार, आणि उजेड पाडणाऱ्या ल्युसिफरेज या एन्झाइमला तर ऑक्सिजन लागतोच. शिवाय पाणी तपकिरी आहे, रंगच उजेड गिळत असेल तर? मीठ २ टक्के, तापमान १५ अंश, पीएच ७ च्या आसपास ठेवलाय. झिंक सल्फेट, म्हणजे माहितीतलं विष, घातलं की उजेड नीट उतरतो, त्यामुळे जीवाणूंवर शंका नाही. विष, रंग आणि ऑक्सिजन वेगळे कसे काढायचे?

प्रतिसाद, जुना रसायनवाला:
आधी रंग. नमुना घातल्याघातल्या उजेड घटला आणि पुढे तिथेच राहिला, तर रंगावर संशय घ्या. ३० मिनिटांपर्यंत उतरतच गेला तर विष असण्याची शक्यता जास्त, जड धातू असेच सावकाश काम करतात. पण फिनॉलसारखी रसायनं ५ मिनिटांतही दणका देतात, म्हणून खात्रीसाठी दुहेरी कप्प्याची क्युव्हेट (मोजणीची पारदर्शक नळी) मिळवा: जीवाणू एकात, नमुना दुसऱ्यात, उजेड फक्त आरपार जातो.

ऑक्सिजनसाठी थोड्या नमुन्यात हवा सोडा, डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) मोजा, परत चाचणी घ्या. मात्र मूळ नमुनाही ठेवा, हवेबरोबर सल्फाइड आणि उडणारी द्रावकंही निघून जातात. उजेड परत आला तर दोष ऑक्सिजनचा की त्यांचा, हे डीओच्या आकड्यावरून ताडावं लागेल.

आणि मिठाचा क्लोराइड कॅडमियम या विषारी धातूला बांधून ठेवतो, म्हणून त्याचं विष चाचणीत कमी दिसतं. तेव्हा उजेड टिकला म्हणून पाणी निर्दोष असं लिहू नका.

धागाकर्ती:
धन्यवाद दादा! दुहेरी क्युव्हेट आमच्या विभागात नाही. बडोदा-आणंद भागात कुणाच्या लॅबमध्ये आहे का?