बुलेटला पुढे १७ दात की १८? पुणे हायवेसाठी, शुक्रवारच्या आत सांगा

विजापूरवेस:
मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाई आहे. महिन्यातून दोनदा सोलापूर ते पुणे बुलेटवर जाणं होतं. टेंभुर्णी येईपर्यंत दोन्ही तळहात झणझणायला लागतात. भिगवणला थांबलो की चहाचा कप धरवत नाही. इंजिन सारखं ताणल्यासारखं वाटतं, वर अजून एक गिअर हवा होता असं दर वेळी मनात येतं. गॅरेजवाला म्हणतो पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, १८ दातांचं टाकू, गाडी मोकळी पळेल. मित्र म्हणतो १७ च टाक. शुक्रवारी गाडी गॅरेजला द्यायची आहे, शनिवारी पहाटे निघायचं आहे. कोणतं टाकू? ज्यांनी स्वतः बदललंय त्यांनीच सांगा.

सातरस्ता:
१८. डोळे झाकून टाका. माझ्या गाडीला सहा वर्षं आहे, त्याच्यावर हैदराबाद दोनदा करून आलो. नळदुर्ग सोडलं की टॉपला टाकायची आणि बसायचं. इंजिन एकदम शांत.

घाटवाट:
डोळे झाकून कसं टाकतील? कोणती बुलेट ते तरी कळू द्या. विजापूरवेस, गिअर उजव्या पायात की डाव्या? गिअर चार की पाच? सध्या पुढे किती दात आहेत? किती स्पीड ठेवता? एकटे जाता का?

विजापूरवेस:
जुनी बुलेट हो, ३५०. गिअर उजव्या पायात, चार गिअर. १९९३ ची, वडिलांनी घेतलेली. स्पीड ७०-७५. पुढचं स्प्रॉकेट बाहेरून दिसत नाही, मागचे दात मोजले, ३८ आहेत. मागचंच लहान बदललं तर स्वस्तात होईल का? आज बुधवार आहे, लवकर सांगा.

कुर्डुवाडीचा_फिटर:
मालक, मागचं विसरा. या बुलेटला मागचं स्प्रॉकेट आणि ब्रेकचा ड्रम एकाच तुकड्यात येतो. म्हणून सगळे पुढचंच बदलतात. आणि पुढचं बाहेरून दिसणार नाही, ते क्लचच्या मागे बसलेलं असतं. डावं फूटरेस्ट, ब्रेक पॅडल काढायचं, प्रायमरीचं, म्हणजे इंजिनकडून क्लचला जाणाऱ्या चेनच्या डब्याचं, ऑइल सोडायचं, झाकण काढायचं, मग अल्टरनेटर, प्रायमरी चेन, क्लच सगळं बाहेर. तेव्हा कुठं स्प्रॉकेट हाताला लागतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, ते पण हात बसलेल्या माणसाचं. "आत्ता तासात करून देतो" असं कुणी म्हणालं तर गाडी देऊ नका.

जुळेसोलापूर_७:
एवढा त्रास कशाला घेता? हुतात्मा एक्सप्रेसनं जा, नाहीतर वंदे भारत आहे. पाठ पण वाचेल.

विजापूरवेस:
गाडी पुण्यात फिरायला लागते, म्हणून नेतो. रेल्वेचं विचारलं नाही.

घाटवाट:
तुमची गाडी कुणी बदललेली नसेल तर पुढे बहुतेक १६ दात असतील. आता हिशेब बघा. समजा ७५ च्या स्पीडला टॉपमध्ये इंजिनचे मिनिटाला ३२०० फेरे होतात. १७ टाकलं की तेच साधारण ३००० होतील, १८ टाकलं की २८५० च्या आत येतील. म्हणजे एका दाताला सहा टक्के, दोन दातांना अकरा. पण जेवढे फेरे कमी, तेवढीच चाकाची ओढ पण कमी. सपाटीला ते कळत नाही. मागे माणूस बसला, समोर चढ आला, की कळतं.

सातरस्ता:
पुणे रोडला चढ आहे कुठं? मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, सगळं सपाट. उगाच घाबरवू नका.

घाटवाट:
चढ नाही, पण वारं आहे. जून-जुलैत पश्चिमेचं वारं सुटतं तेव्हा उजनीच्या पट्ट्यात पुण्याकडे जाताना छातीवर येतं. तेव्हा वारंच चढासारखं लागतं. माझ्याकडे १८ होतं तेव्हा भीमानगरच्या पुढे टॉप सोडून तिसऱ्यात यावं लागायचं, आणि तिसऱ्यात आलं की फेरे १६ च्या टॉपपेक्षा जास्त. मग फायदा काय झाला? येताना मात्र तीच गाडी वाऱ्याबरोबर मस्त यायची. मी काढून १७ टाकलं आणि आजतागायत तेच आहे.

सातरस्ता:
तुमचं इंजिन कमी पडत असेल. माझं तसं होत नाही.

बार्शीवाला:
स्प्रॉकेट बदललं की मीटर चुकीचं दाखवतं हे ध्यानात ठेवा. ७० दाखवलं तरी गाडी ८० ला असेल, पोलीस पकडतील.

कुर्डुवाडीचा_फिटर:
नाही हो. बुलेटच्या मीटरची केबल पुढच्या चाकातून येते. स्प्रॉकेटचा आणि तिचा काही संबंध नाही. ज्या गाड्यांचं मीटर गिअरबॉक्सवरून चालतं त्यांचं चुकतं. बाकी चौपदरी रस्त्यावर दुचाकीला मर्यादाच ८० ची आहे, तेव्हा ७०-७५ ला आराम मिळाला की काम झालं.

होटगीरोड:
भिगवणला थांबत असाल तर चहा कशाला, मासे खा. उजनीचा ताजा मासा मिळतो. हिवाळ्यात गेलात तर रोहित पक्षी पण बघा.

विजापूरवेस:
मग १७ का १८? मागे मिसेस असते, दोन बाजूला दोन बॅगा. आणि पौर्णिमेला तुळजापूरला जातो, दर महिन्याला.

घाटवाट:
हे आधी सांगायचं की दादा! दोघं, वर बॅगा, आणि तुळजापूरचा घाट. मग १८ चा विषय संपला. घाटात तिसऱ्यात गाडी गुदमरेल, दुसऱ्यात ओरडेल. वर शहरात नवी पेठेच्या गर्दीत पहिल्या गिअरला क्लच घासत बसाल.

सातरस्ता:
मी एकटाच जातो हे खरं. दोघांचा अनुभव मला नाही. पण एकट्यासाठी १८ सारखं सुख नाही, हे माझं म्हणणं कायम.

कुर्डुवाडीचा_फिटर:
मला राहून राहून एक वाटालंय. ७०-७५ ला हात एवढे बधिर होणं हे नुसतं गिअरिंगचं काम नाही. फेरे सहा टक्के कमी झाले म्हणून कपाची पकड परत येणार नाही. शुक्रवारची वाट बघू नका. आज इंजिन थंड झालं की टाकीखाली हात घाला. हेडपासून फ्रेमला एक पट्टी जाते, हेड स्टे म्हणतात तिला. तिचे नट-बोल्ट पान्यानं बघा. मग इंजिन फ्रेमला धरणारे खालचे बोल्ट बघा. हँडलचे क्लॅम्प बघा. एक जरी ढिला असला तरी सगळा थरथराट हातात येतो.

बार्शीवाला:
आणि जास्तीची क्लच केबल सोबत ठेवा. कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. इंदापूरच्या पुढे रात्री केबल तुटली तेव्हा मला कळलं.

विजापूरवेस:
फिटर काका, तुमच्या पाया पडतो. हेड स्टेच्या पट्टीचा फ्रेमकडचा नट जागेवर नव्हताच. बोल्ट नुसता भोकात लटकलेला. भोक झिजून लांबट झालंय, करंगळीचं नख आत जातंय. मागच्या वर्षी एका गॅरेजला टाकी काढली होती, तेव्हापासूनच असणार. आता काय करू?

कुर्डुवाडीचा_फिटर:
पट्टी नवी टाका, महाग नसते. नायलॉकचा नट लावा म्हणजे परत सुटणार नाही. ती लावून आधी मोहोळपर्यंत जाऊन या, स्प्रॉकेट न बदलता. मग ठरवा. बदललंच तर १७ आणि क्लचमागचं ऑइल सील पण नवं, एवढं सगळं उघडणारच आहे तर. चेन घट्ट होईल, चाक चार मिलिमीटरभर पुढे सरकवावं लागेल. अ‍ॅडजस्टर आधीच पुढच्या टोकाला असेल तर चेनचं पण बघावं लागेल.

विजापूरवेस (रविवारी):
गुरुवारी पट्टी टाकली, संध्याकाळी मोहोळला जाऊन आलो. निम्म्याच्या वर थरथराट गेला. तरी ७५ ला इंजिन ताणल्यासारखं वाटतच होतं, म्हणून शुक्रवारी १७ टाकलं. उघडल्यावर जुने दात मोजले, १६ च निघाले. सकाळी नऊला उघडलेली गाडी दुपारी तीनला मिळाली. काल दोघं पुण्याला आलो. भिगवणला कप एका हातात धरून चहा घेतला. मिसेस म्हणाली पायाला पण कमी लागतंय. एकच फरक जाणवतो, टॉपमध्ये ४५ च्या खाली आलं की इंजिन ठोकायला लागतं, तिसरा टाकावा लागतो. ते मला चालतंय. तुळजापूरचं पौर्णिमेनंतर सांगतो.

घाटवाट:
४५ च्या खाली ठोकू देऊच नका, बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला, मार बसतो. तिसरा टाकायचा आळस करू नका.

सातरस्ता:
जुनं १६ चं स्प्रॉकेट देणार का? मित्राला हवंय, दात चांगले असतील तर.

विजापूरवेस:
नाही दादा. वडिलांनी धुवून, ऑइल लावून, कापडात गुंडाळून त्यांच्या पान्यांच्या पेटीत ठेवलंय.