मुलगी शाळेच्या कलर गार्डमध्ये (झेंडे घेऊन चालणाऱ्या तुकडीत) आहे, झेंड्याचे नियम काय असतात?

प्रश्न:
आम्ही अमेरिकेत नवीन आहोत, मुलगी सहावीत, पब्लिक स्कूल. व्हेटरन्स डेच्या (माजी सैनिकांच्या दिवसाच्या) असेंब्लीत तिला अमेरिकेचा झेंडा धरायचाय, शेजारी राज्याचा झेंडा घेतलेला मुलगा. आम्ही व्हिसावर आहोत, मग हे चालतं का? आणि कोण कुठल्या बाजूला? तिला टेन्शन की झेंडा जमिनीला टेकला तर शिक्षा होते म्हणे.

प्रतिसाद १:
सिटिझनच हवा असं फ्लॅग कोडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या झेंड्याच्या नियमावलीत, कुठेच नाहीये, बिनधास्त धरू दे. शिक्षेचं तर विसराच, तो कोड म्हणजे सल्ला आहे, आणि 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने निषेध म्हणून झेंडा जाळणाऱ्यालासुद्धा सोडलंय. टेकू देऊ नये हे खरं, पण टेकलाच तर उचलायचा आणि पुढे चालायचं, तो जाळावा लागतो वगैरे सगळ्या ऐकीव गोष्टी.
बाजू मात्र नीट बघा, इथेच सगळे गोंधळतात. राष्ट्रध्वज चालणाऱ्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताला, म्हणजे समोर बसलेल्यांना तो डावीकडे दिसतो. राष्ट्रगीताला राज्याचा झेंडा झुकवतात, राष्ट्रध्वज कुणासमोरच झुकवत नाहीत.

प्रतिसाद २:
हायस्कूलला गेल्यावर परत गोंधळ होईल हं, तिथे मार्चिंग बँडबरोबर रंगीत झेंडे फिरवत नाचतात त्यालाही कलर गार्डच म्हणतात 😄 जेआरओटीसीचं (हायस्कूलमधलं आपल्या एनसीसीसारखं लष्करी प्रशिक्षण) वेगळं, त्यात बहुतेक चौघं, मधले दोघं झेंडे घेऊन आणि कडेच्या दोघांकडे ड्रिल रायफल. सहावीत ते काही नसावं.

प्रश्नकर्ती:
थँक्यू! मग प्लेजच्या (झेंड्यासमोर म्हणतात त्या निष्ठेच्या शपथेच्या) वेळी छातीवर हात कसा ठेवणार, हातात तर झेंडा?

प्रतिसाद १:
नाही ठेवायचा, झेंडा धरणाऱ्याने सरळ उभं राहायचं बस.

प्रतिसाद ३:
आणि प्लेज म्हणायचीच नसेल तरी शाळा जबरदस्ती करू शकत नाही, सुप्रीम कोर्टाच्या 1943 च्या बार्नेट केसपासून ते पक्कं आहे, व्हिसावाल्यांनाही लागू. काही टीचर्सना हे माहीतच नसतं हा भाग वेगळा.
बाकी शाळेकडे हार्नेस मागा, गळ्यातून पट्टा येतो आणि पुढे कप असतो त्यात काठीचं टोक बसतं, नाहीतर सहावीतल्या पोरीचे हात भरून येतात. जिमच्या दाराची उंचीही आधी बघून ठेवा, काठी थोडी पुढे कलती करून आत न्यावी लागते, तेवढं प्रॅक्टिसमध्ये करून घ्या.