बहाव्याच्या बिया उगवत का नाहीत?

प्रश्न:
बहाव्याच्या ४० बिया पेरून दीड महिना झाला. माती, वाळू, शेणखत समप्रमाणात आहे, ओल कायम ठेवली आहे. दोनच कोंब वर आलेत. उकरून पाहिलं तर बाकीच्या बिया होत्या तशाच टणक आणि चकचकीत. बियाच खराब निघाल्या का?

उत्तर १:
बिया उत्तम आहेत. खराब बी एव्हाना कुजून मऊ पडली असती. बहाव्याच्या बीचं कवच पाणी आत जाऊ देत नाही. रानात ते हळूहळू झिजतं, म्हणून एकाच शेंगेतल्या बियाही आगेमागे उगवतात. सगळ्या काढून धुऊन घ्या. बीच्या एका टोकाला बारीक ठिपका असतो, तिथून ती शेंगेला जोडलेली असते. मूळ त्याच बाजूने फुटतं, म्हणून ते टोक सोडून विरुद्ध टोक जाड पॉलिश पेपरवर घासा. तपकिरी रंग जाऊन आतला फिकट भाग जेमतेम दिसला की थांबायचं. मग २४ तास साध्या पाण्यात. पाणी शिरलेली बी चांगली टम्म फुगते, बोटांना बुळबुळीत लागते. न फुगलेल्या पुन्हा घासा. फुगलेल्या लगेच पेरा, १ सेंमी खोल. साधारण एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात.

उत्तर २:
शेकड्याने बिया असतील तर गरम पाणी सोयीचं. उकळी आली की भांडं खाली उतरवायचं, मग बिया टाकायच्या आणि रात्रभर निवू द्यायचं. गॅसवर उकळल्या तर आतला गर्भ मरतो. तरीही काही फुगत नाहीतच, त्यामुळे ४० बियांसाठी घासणंच बरं. टाचणीएवढं भोक असलेली बी टाकून द्या, आतून किडीने खाल्लेली असते. आणि शेंग फोडताना लहान मुलं लांब ठेवा. तो काळा मगज रेचक आहे.

उत्तर ३:
घासलेल्या बीला कायमची ओल चालणार नाही, कुजेल. पेरताना दोन भाग माती, एक भाग वाळू पुरे. शेणखत नंतर द्या. कोवळ्या रोपाचं खोड मातीलगत काळं पडून रोप आडवं झालं, तर तो ‘मर’ रोग. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको. सोटमूळ झपाट्याने खाली जातं, तेव्हा उथळ ट्रेपेक्षा तळाला भोकं पाडलेली ५ × ८ इंची पिशवी घ्या, नाहीतर मूळ तळाशी वेटोळं घालतं.

उत्तर ४:
हे घासणं किंवा गरम पाणी कडुनिंब-जांभळाला करू नका. तिथे अडचण उलटी, बी ठेवली की मरते. पिकलेल्या निंबोळ्यांचा गर धुऊन, सावलीत सुकवून दोन आठवड्यांच्या आत पेरा. जांभळाची बी धुतली की त्याच दिवशी मातीत. बहाव्याची कोरड्या डब्यात वर्षभर सहज टिकते.