कारचं उरलेलं ऑइल स्प्लेंडरमध्ये घातलं, आता घाटात क्लच स्लिप होतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी अण्णांची आहे, २०१४ ची स्प्लेंडर, आणि चूक माझ्या हातून झालीय. म्हणून जरा घाईनं विचारतोय.

आम्ही मेढ्याजवळ राहतो. अण्णा रोज पहाटे दोन किटल्यांत चाळीस लिटर दूध घालून केळघर घाटानं महाबळेश्वरला जातात, तिथं हॉटेलांचा रतीब आहे. घर त्या गाडीवर चालतं. गेल्या रविवारी ऑइल बदलायचं होतं. दाजींच्या कारच्या सर्व्हिसिंगनंतर कॅनमध्ये लिटरभर ऑइल उरलं होतं. फुल सिंथेटिक, जाडीचा ग्रेड ०डब्ल्यू-२०, दर्जाची खूण एपीआय एसपी. आपण नेहमी घालतो त्यापेक्षा कितीतरी महाग. अण्णांच्या गाडीला एवढं भारी ऑइल कधी मिळणार, असं मनात आलं आणि अंगणातच जुनं काढून हे भरलं.

दोन दिवस काही जाणवलं नाही. बुधवारी अण्णा रतीब घालून आले नि म्हणाले, "वरडतीया नुसती, वढत न्हाय." मी स्वतः घेऊन गेलो. सपाटीला ठीक. केळघर सोडून चढ लागला, तिसऱ्या गिअरला मूठ पिळली, की इंजिनचा आवाज चढतो आणि काटा पस्तीसच्या पुढं हलत नाही. मी तर एकटा होतो, दूधही नव्हतं. तिसऱ्या वळणावर थांबलो तर उजव्या बाजूनं जळका वास येत होता.

घरी येऊन कॅन नीट वाचला. मागं एक गोल शिक्का आहे, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात बारीक अक्षरात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ छापलंय. ‘जासो’ हा शब्द अख्ख्या कॅनवर कुठं नाही. गाडीच्या पुस्तिकेत मात्र स्पष्ट आहे: १०डब्ल्यू-३०, एपीआय एसजे, जासो एमए. आधीच वाचायला हवं होतं.

आता प्रत्येकजण वेगळं सांगतोय. ऑइलचा दुकानदार म्हणतो २०डब्ल्यू-५० टाक, जाड ऑइल पकड धरतं. मिस्त्री म्हणतो प्लेटा गेल्या, इंजिन खोलायला लागेल. मित्र म्हणतो एमए२ लिहिलेलं कुठलंही चालेल. नुसतं योग्य ऑइल घालून क्लच वाचेल का? आणि चाळीस लिटरचं ओझं, रोजचा घाट, थंडीतली पहाट, हे सगळं धरून नेमका कुठला ग्रेड घालू? अण्णांनी सध्या शेजाऱ्याची गाडी मागून घेतलीय, ती किती दिवस मागणार.

प्रतिसाद १

भाऊ, गाडी चालवणं थांबवलंत हे बरं केलंत. क्लच स्लिप होत असताना घाट चढवला की प्लेटा एका दिवसात जळतात.

दोन गोष्टी वेगळ्या करा: जाडी आणि घर्षण. १०डब्ल्यू-३० हे आकडे फक्त जाडी सांगतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला मोजलेला. ऑइल क्लचला चालेल की नाही, हे त्यात कुठंच नसतं. आपल्या मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. क्लचच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरून बसल्या तरच चाक फिरणार. कारचा क्लच कोरडा, इंजिनबाहेर, म्हणून पेट्रोल वाचावं यासाठी कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. तुमच्या कॅनवरचे ते दोन शब्द त्याचीच खूण. दुकानदाराचं २०डब्ल्यू-५० जाड असेल, पण प्लेटांत मुरलेलं आधीचं ऑइल जाडीनं निघत नाही.

घर्षणाची हमी जासो देतं. हा जपानी मापदंड मोटरसायकलसाठीच काढलाय. एमए म्हणजे ओल्या क्लचला चालणारं, एमए२ हा एमएमधलाच जास्त पकडीचा भाग. एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, ते गिअरलेस स्कूटरला ठीक, कारण तिचा क्लच ऑइलमध्ये नसतो. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात, तेवढं बघून घ्या.

आता करायचं काय? १०डब्ल्यू-३०, एमए किंवा एमए२, साधं मिनरल घ्या, आणि दोनदा बदला. या इंजिनात कागदी फिल्टर नाही, जाळी आणि सेंट्रिफ्युगल फिल्टर असतो, त्यामुळे ऑइल काढलं तरी थोडं आत राहतंच. पहिलं भरून सपाटीला, ओझं न घेता, शे-दोनशे किलोमीटर चालवा, मग तेही काढा. गाडी गरम असताना काढा, डबल स्टँडवर. त्याआधी क्लचची केबल तपासा, लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. केबल ताणलेली असली तर चांगल्या ऑइलमध्येही क्लच स्लिप होतो.

प्रतिसाद २

मिस्त्रीला अगदीच खोटं ठरवू नका, वास आला म्हणजे प्लेटांना धग लागलीय. पण आधी ऑइल, मग पाना. आणि डिपस्टिक पुसून आत घालताना आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवून पातळी बघायची. फिरवून बघितली की ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. केबलची चाल तपासली, बरोबर होती. १०डब्ल्यू-३० एमए२ घालून पहिल्यांदा बदललं, सपाटीला दीडशे किलोमीटर फिरवली, परत बदललं. पहिल्या खेपेला काढलेलं ऑइल ताटलीत धरलं तर तळाला तपकिरी चुरा बसला होता, प्लेटांचाच. दुसऱ्या खेपेला चुरा जवळपास नव्हता.

एकट्यानं घाट चढला, क्लच स्लिप झाला नाही. किटल्या भरून गेलो तेव्हा मात्र चौथ्या गिअरला अजून थोडी सुटत होती. म्हणून मिस्त्रीकडं क्लचचं कव्हर खोललं. बाहेरची एक प्लेट काचेसारखी चमकत होती, बोट फिरवलं तर खरखर अजिबात नाही. सगळ्या प्लेटा आणि स्प्रिंगा नव्या बसवल्या, कव्हरचं पॅकिंग बदललं, ऑइल तेच ठेवलं.

आज पहाटे अण्णा गाडी घेऊन गेले. नऊला परत आले, रिकाम्या किटल्या उतरवल्या नि म्हणाले, "वढतीया आता." उरलेलं कारचं ऑइल दाजींना परत दिलंय.