लग्न साताऱ्यात, स्पॉन्सर न्यू जर्सीतून - जाण्याआधी कुठले कागद उरकू?

कंदीपेढा:
नमस्कार मंडळी, मी अमेरिकन सिटिझन आहे, न्यू जर्सीत असतो. मागच्या रविवारी साताऱ्यात लग्न झालं, पुढच्या गुरुवारी परतीची फ्लाइट आहे. बायकोला तिकडे न्यायचंय, त्यासाठी आय-130 (जोडीदारासाठीचा पहिला इमिग्रेशन अर्ज) भरायचाय. इथे एकजण म्हणतायत की नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट आणि लग्नपत्रिका पुरते, बाकीचं सासरे नंतर बघतील. चालतं का हो असं? घरात अजून देवदर्शन आणि जेवणं चाललीयेत, मला काही सुचत नाहीये.

एडिसनची_सून:
दादा, देवदर्शन दोन दिवस पुढे ढकला पण विवाहनोंदणी आधी करा. पत्रिका आणि नोटरीवर भागत नाही, निबंधकांचा दाखलाच लागतो आणि त्यासाठी तुम्ही दोघं समोर पाहिजेत, सासरे एकटे जाऊन काही होणार नाही. फॉर्मवर तीन साक्षीदार आणि लग्न लावलेल्या गुरुजींची सही लागते. आमचे गुरुजी ऐन लग्नसराईत गावोगाव फिरत होते, शेवटी दीर मोटरसायकलवर फॉर्म घेऊन गेला आणि दुसऱ्यांच्या मांडवात अक्षता पडल्या पडल्या सही घेऊन आला.
आणि दाखला मिळाला की तिथेच खिडकीपाशी उभं राहून इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. माझ्या आडनावात पासपोर्टवर व्ही आणि दाखल्यावर डब्ल्यू पडलं होतं, घरी येऊन कपाटात ठेवला तो कोणी बघितलाच नाही, नवरा तोवर परत गेलेला. दुरुस्तीला चार महिने हेलपाटे घातले, रडकुंडीला आले होते मी.

कृष्णाकाठ:
ताईंशी सहमत. वहिनींचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर आत्ता नाव बदलायची घाई नको. आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, मग आधार एका नावाचं, पासपोर्ट दुसऱ्या, आणि प्रत्येक ठिकाणी खुलासा देत बसायचं.
त्यांचा जन्मदाखलाही आजच काढून बघा, बऱ्याच जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, ते घालून घ्या. नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडायचं, दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने अचूक असल्याचं लिहून सही केली की झालं. दोघांपैकी कुणाचा आधी घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या डिक्रीची सर्टिफाइड कॉपी हवीच. पीसीसी (पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट) मात्र आत्ता नको, ती पुढे एनव्हीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरच्या टप्प्यावर लागते.

कंदीपेढा:
खूप आभार दोघांचे. फोटोंचं काय? अल्बम यायला महिना आहे.

एडिसनची_सून:
अल्बमची वाट बघू नका, मोबाइलवरचे चालतात, पण नुसते तुमचे दोघांचे नकोत, दोन्हीकडच्या माणसांसोबतचे घ्या. हॉलची पावती, तुमची तिकिटं, साखरपुड्यापासूनचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत वहिनी तिकडे पोचल्या तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचंच, अटींवर मिळतं, त्या अटी काढून घेताना परत हेच पुरावे मागतात.

कंदीपेढा:
गुरुजींना फोन लागला, आज वाईला आहेत, संध्याकाळी येतायत. उद्या साक्षीला काका, मामा आणि मेव्हणा, दहालाच जातो नगरपालिकेत.