प्रतिसाद: फेटलएररची चाचणी आणि अडकलेला थ्रेड

स्विफ्ट या अ‍ॅपलच्या प्रोग्रामिंग भाषेत ‘फेटलएरर’ हे फंक्शन चालू प्रोग्राम तिथेच बंद पाडते. ‘त्यामुळे त्याची युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या भागाची आपोआप चालणारी चाचणी) थेट घेता येत नाही, म्हणून चाचणीपुरते त्याच्या जागी आपले फंक्शन बसवावे’ हा मूळ पोस्टमध्ये सुचवलेला उपाय चालतो, आणि मीही तो बराच काळ वापरला. परंतु त्यातील एका धोक्याचा उल्लेख इथे आलेला नाही. फेटलएररचा परतावा-प्रकार ‘नेव्हर’ (म्हणजे कधीच परत न येणारे फंक्शन) असल्यामुळे बदली फंक्शनलाही परत येण्याची मुभा नसते, आणि म्हणून ते ज्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममधील कामाच्या ज्या स्वतंत्र धाग्यावर, चालते तो थ्रेड सहसा अनंत लूपमध्ये अडकवून ठेवला जातो. आमच्या एका चाचणीत अशा अडकलेल्या थ्रेडने आधीच घेतलेले लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणारे कुलूप) कधीच सोडले नाही. ती चाचणी उत्तीर्ण झाली, आणि तिच्याशी काहीही संबंध नसलेली पुढची चाचणी मात्र त्याच लॉकची वाट पाहत थिजून राहिली. कारण सापडेपर्यंत आम्ही निष्पाप कोडच तपासत बसलो होतो.

स्विफ्ट ६.२ पासून ‘स्विफ्ट टेस्टिंग’ या स्विफ्टच्या चाचणी-लायब्ररीत ‘एक्झिट टेस्ट’ आल्या आहेत: तपासायचा भाग वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालतो, तिथे खरोखर कोसळतो, आणि मूळ प्रोसेस केवळ तो कसा संपला हे पाहते. ही सोय मॅकओएस, लिनक्स आणि विंडोजवर मिळते, आयओएसवर नाही. त्यामुळे असा कोड स्वतंत्र पॅकेजमध्ये ठेवून तो मॅकवर तपासणे मला अधिक योग्य वाटते. ‘असर्ट’ आणि ‘प्रीकंडिशन’ ही फंक्शन्सही दिलेली अट खोटी ठरली की प्रोग्राम थांबवतात. त्यांपैकी असर्टसाठी मात्र चाचणी डीबग बिल्डमध्येच (विकासाच्या वेळी वापरायच्या आवृत्तीत) चालवावी, कारण नेहमीच्या ऑप्टिमाइझ केलेल्या (-O) बिल्डमध्ये असर्टची अट तपासलीच जात नाही, प्रीकंडिशनची मात्र तिथेही तपासली जाते.