मदत हवी आहे: गच्चीवरच्या चिपाडाच्या वाफ्यात वांगी पिवळी पडताहेत

वाफा विटांचा, 6 बाय 3 फूट, उंची 15 इंच. तळाला नारळाची सोडणं, त्यावर रसवंतीतून आणलेली उसाची चिपाडं साधारण 5 इंच, मग वाळका पाला आणि भाजीची देठं-सालं यांचे आलटून पालटून थर. प्रत्येक थरावर दहापट पाण्यातलं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण) शिंपडलं आहे. सगळ्यात वर 3 इंच माती आणि शेणखत निम्मं निम्मं.

वाफा दबून 10 इंचांवर आलाय. वांग्याची पानं खालून पिवळी होत वर चालली आहेत, शेंडा हिरवा आहे पण वाढ थांबलीय. मुळाशी उकरलं तर चिपाडं अजून कडक, त्यांच्यावर पांढरी बुरशी. वास ओल्या मातीचा, आंबूस अजिबात नाही. पाणी साचत नाही, कडेला भोकं आहेत. मावा, तुडतुडे नाहीत, पानं उलटून पाहिली.

म्हणजे चिपाडं कुजवताना जिवाणूच नत्र ओढून घेताहेत, असा माझा अंदाज. (चिपाडं आधी भिजवून कुजवायला हवी होती हे ठाऊक आहे, ते सांगू नका!) जीवामृत आठवड्याला देऊन फरक नाही. युरिया वापरायचा नाही, आणि खाली बिऱ्हाडं असल्याने घाण वास येणारं काही चालणार नाही. स्लॅबमुळे मातीचं वजनही फार वाढवता येत नाही.

शेंगदाणा पेंड भिजवून दिली तर एवढ्या वाफ्याला किती आणि किती दिवसांनी? की वांगी काढून आधी चवळी लावावी आणि चिपाडं कुजू द्यावीत?